दारावरचं वाक्य

“पहिल्या जागी स्वप्न लिहू नका, सोय लिहा,” असं ती एकदा एका घाबरलेल्या बापाला म्हणाली होती. क्लास चालवणाऱ्या सरांनी ते ऐकलं आणि दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं.

तेव्हापासून तिला रोज स्वतःच्याच वाक्याखालून आत जावं लागे. इंजिनिअरिंग कॉलेजांचे अर्ज भरून देणं हे तिचं काम. पोरं तिला समजूतबाई म्हणत. काचेच्या त्या खुराड्यात अत्तराचा फवारा आणि त्याखाली मुरलेला घाम. भेदरलेल्या तळव्यांनी चिकट झालेला माउस. तो हातात धरताना दरवेळी तिला कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटे.

कारण खोट तिला ठाऊक होती. अर्ज वरून खाली वाचला जातो. जिथं जागा मिळते तिथंच वाचणं थांबतं. हमखास मिळणारं कॉलेज सगळ्यात वर ठेवलं, की त्याखालच्या चांगल्या कॉलेजांपर्यंत गोष्ट जातच नाही. सरांची जाहिरात मात्र खरी ठरते: ‘आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिली पसंती!’

त्या दिवशी समोरच्या खुर्चीत तिची भाची येऊन बसली. लहानपणी खोलून पाहायच्या नादात घरातला एकही पंखा धड न ठेवलेली.

“मावशी, क्रम मीच लावून आणलाय. दारावर वाचलं ना तुझं, म्हणून घराजवळचं वर टाकलं. ते मोठं कॉलेज, मी सारखी बडबडायचे ते, पार खाली. झाले की नाही शहाणी?”

“रक्तातच आहे,” मागून सर म्हणाले. तोंडातली गोळी त्यांनी या गालातून त्या गालात ढकलली. “नाहीतर काही पोरं अंथरूण पाहून पाय पसरतच नाहीत.”

भाची हसली. ते हसू मावशीच्या ओळखीचं होतं. त्या खुर्चीत रोज तेच बसायचं, पाय आखडून.

मावशीनं माउस ओढला. मोठं कॉलेज वर, घराजवळचं तळाशी.

“अगं, पण नाही मिळालं तर?”

“तर खालचं आहेच. ते कुठं पळून जातंय?”

“बाई, आपली जाहिरात...” सर पुढे झाले.

“पाठव,” म्हणत तिनं माउस भाचीकडे सरकवला. भाचीचं बोट थबकलं. मग तिनं दाबलं.

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उद्या लोकांना काय तोंड दाखवू मी?” सर ओरडले.

मावशीनं रुमालानं हात पुसले, खसाखसा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. रुमाल तिथंच टेबलावर टाकला. आणि त्या वाक्याखालून बाहेर पडली.