खंडेनवमीचा नारळ

शिरोली एमआयडीसीतल्या एका मोठ्या फौंड्रीत आम्ही दोघं एकाच दिवशी इंटर्नशिपला लागलो. तो गगनबावड्याकडचा, मी शहरातला. कॉलेजात मार्क माझे जास्त. पण गेटवरचा वॉचमन माझं ओळखपत्र रोज निरखून बघायचा आणि त्याला नुसतं म्हणायचा, "आलासा व्हय पावणं?"

तो मोठ्यानं बोलायचा आणि प्रत्येक वाक्याला 'की' लावायचा. "दाखवा की मामा, मलाबी जमंल की." जेवायला बसला की स्वतःचा डबा उघडायच्या आधी दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा, आणि लोक खूश व्हायचे. माझ्या डब्यात कधी कुणी हात घातला नाही.

ओतून काढलेल्या कास्टिंगला भोकं का पडतात, हे मी एकट्यानं शोधून काढलं. साहेबांनी कौतुक दोघांचं केलं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. कामगारांनी फोडायला नारळ दिला तो त्याच्या हातात. त्यानं तो माझ्यापुढं धरला.

"तू फोड की. काम तू केलंस न्हवं?"

एवढं मोठं मनसुद्धा त्याच्याकडंच असावं, याचा मला भयंकर राग आला. मी नारळ एका फटक्यात फोडला. कामगारांनी पाठ थोपटली, ती त्याची.