सहा तासांची शर्यत

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे मॅडम म्हणत. वय बेचाळीस, आणि त्यातली एकोणीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेलेली. तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असे. त्यावर पाय टेकून बसायची इतकी सवय झालेली, की घरी कोणी हातात गरम भांडं घेऊन घाईने आलं तरी तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. "क्लच सोडा, पण दचकून नाही, सावकाश," हे ती दिवसातून पन्नासदा म्हणे. काटा विसाच्या पुढे गेला की शिकणाऱ्याला घाम फुटायचा. मॅडमच्या डोक्यात मात्र तेव्हा दोनशेच्या वेगात घ्यायचं एखादं वळण चाललेलं असायचं.

ते वळण तिच्या जेवणाच्या टेबलावर होतं. टेबलाच्या कडेला स्टिअरिंग शिकंज्याने आवळलेलं, समोर संगणकाचा पडदा आणि त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, खाली पेडल. गुळगुळीत फरशीवर पेडल मागे सरकायची, म्हणून त्यांच्यामागे भिंतीपर्यंत जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या लावलेल्या. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, त्यामुळे घरात डिरेक्टऱ्यांना तोटा नव्हता.

"दिवसभर गाडीत बसून मन भरत नाही का गं तुझं?" आई विचारायची. "घरी येऊन परत गाडीच?"

"ती गाडी दुसऱ्यांची असते, आई. मी नुसती बाजूला बसते."

"आणि ही?"

"ही माझी."

"मग तुझी गाडी जरा बाजूला घे. ताटं मांडायची आहेत."

रविवारी दुपारी दीड वाजता मात्र आईसुद्धा ताटं मांडायला यायची नाही. त्या वेळी चौदा जण आपापल्या गावातून, आपापल्या टेबलावरून एकाच सर्किटवर उतरत. कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नव्हता, नुसते हेडफोनमधले आवाज. एक औषधांच्या दुकानातला, हरला की सगळा दोष टायरवर ढकलणारा. दोघं सख्खे भाऊ, शेजारशेजारच्या खोल्यांत बसून एकमेकांना ठोकणारे. आणि एक पाववाला. त्याची बेकरी होती. पहाटे भट्टी, दुपारी बारापर्यंत दुकान, मग आंघोळ करून स्टिअरिंगवर. मॅडमपेक्षा सातआठ वर्षांनी मोठा. पहिल्याच रविवारी तिचा व्यवसाय कळल्यावर तो म्हणाला होता, "मग सांभाळूनच चालवायला हवी. मॅडम नापास करतील." तेव्हापासून ती इथेही मॅडम, आणि तो तिच्यासाठी पाववाले.

पाववाला क्वचितच जिंकायचा. पण प्रत्येक फेरीला तो त्याच जागी ब्रेक लावायचा, वळणाच्या त्याच टोकाला चाक टेकवायचा, जशी पिठाची वळी कापतात तसा एकसारखा. त्याच्या मागे गाडी ठेवली की तिला कसलीच घाई वाटायची नाही. शर्यत संपून बाकीचे गेले, की दोघं जंगलातल्या सर्किटवर दोन फेऱ्या उगीचच मारत. स्पर्धा नाही, घड्याळ नाही. शेजारी शेजारी गाड्या, आणि गप्पा. तो पीठ का फुगलं नाही ते सांगायचा. ती सांगायची, आज एका काकांनी वळताना हात बाहेर काढण्याऐवजी डोकंच बाहेर काढलं. तो हसायचा तेव्हा त्याची गाडी जराशी डुलायची, आणि ते तिला फार आवडायचं. असं सहा वर्षं चाललं.

मग खेळाच्या नव्या भागाची घोषणा झाली.

दोन मिनिटांची चित्रफीत होती. पावसाने भरलेली डबकी हळूहळू सुकतात, ऊन रस्त्यावरून सरकतं, जंगलातलं सर्किट नव्याने मोजून झाडन् झाड बसवलेलं. तिने ती फीत अकरा वेळा पाहिली. चौदाही जणांना त्याच गोष्टीने झपाटलं. रविवारी गाड्या सुरू करायच्या आधी अर्धा तास नव्या भागाच्या गप्पा. पुढे पुढे गप्पाच उरल्या आणि गाड्या राहिल्या. "आता यात काय राम आहे?" औषधवाला म्हणाला, आणि यायचा बंद झाला. फीत थांबवून थांबवून कोणाला डबक्यात ढग दिसला, कोणाला ढगात आणखी काही. चौदाचे नऊ झाले, नवाचे चार.

याच दिवसांत पाववाल्याने तिला दोनदा ठोकलं. तिसऱ्या वळणावर ती त्याच्या बरोबरीने आलेली असताना तो सरळ तिच्या अंगावर आला. एकदा होतं असं कोणाकडूनही. पण एकोणीस वर्षं शेजारच्या सीटवरून दुसऱ्याची नजर कुठे जाते ते पाहण्यात गेलेली बाई ती. दुसऱ्या वेळी तिने इतर जायची वाट पाहिली.

"पाववाले, एक विचारू? शेजारची गाडी तुम्हाला दिसत नाही का?"

त्याने पुढचं वळण नेहमीच्या जागी घेतलं.

"पकडलंत शेवटी," तो म्हणाला. "डोळ्यांच्या कडा जातायत, मॅडम. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. नळीतून बघितल्यासारखं. आणि डॉक्टर म्हणतात, नळी बारीक होत जाणार."

"किती दिवसांत?"

"ते कोणी सांगत नाही."

तिने गाडी हळू केली, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि पुढच्या वळणाला म्हणाली, "मी तुमच्या उजवीकडे आहे." त्यानंतर हे नेहमीचंच झालं. उजवीकडे आहे. मागे आहे. आता डावीकडे येतेय. तो म्हणायचा, "आरसा बोलायला लागला की हो माझा!"

पुढच्या आठवड्यात त्याने विषय काढला. "मॅडम, ती सहा तासांची शर्यत आहे ना जंगलातली, दोघांनी मिळून एक गाडी चालवायची? ती करू या आपण. याच भागात. मला हा रस्ता पाठ आहे, अजून जमेल."

तिच्या तोंडात हो आलंच होतं. पण फीत अकरा वेळा पाहिली होती ना. "तीन महिन्यांत नवा येतोय," ती म्हणाली. "तिथे करू. खरा पाऊस, खरं ऊन. एकदाच करायची तर चांगली करू की."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

चांगलं ते पुढे ठेवायची तिला सवयच होती. कपाटात कपांचा एक नवा संच पाहुण्यांसाठी म्हणून नऊ वर्षं कागदात होता. पण कारण तेवढंच नव्हतं. शर्यत करून टाकली तर दोघांनी ठरवलेलं पुढचं काही उरणार नाही, असं तिला कुठेतरी वाटत होतं. उरलेलं असलं तर त्याच्या डोळ्यांनाही थांबावं लागेल. असा हिशोब कोणी मोठ्याने बोलत नाही. तीही बोलली नाही.

तीन महिन्यांनी कंपनीचं निवेदन आलं: थोडा वेळ लागेल. मग आणखी थोडा. प्रत्येक वेळी पाववाला विचारायचा, "मग आता?" आणि ती म्हणायची, "एवढं थांबलो, आता कशाला घाई?" एव्हाना रविवारी दीड वाजता दोघंच असत. जंगल तेच होतं, रस्ता तोच होता, गाड्या धावतही होत्या. पण ती प्रत्येक झाडापाशी मनात म्हणे, नव्यात हे झाड खरं दिसेल. तो मात्र काही न बोलता तीच तीच फेरी मारायचा, एखाद्या घरात शेवटचं फिरून घ्यावं तशी.

आणि एका रविवारी, वळणही नसलेल्या ठिकाणी, त्याची गाडी सरळ झाडीत गेली.

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "रस्ता गेला हो."

त्यानंतर तो आला नाही.

नवा भाग सांगितल्यापेक्षा चौदा महिने उशिरा आला. तिने कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली. संगणकावर जागा करायला जुना भाग पुसून टाकला आणि नवा उतरवून घेतला. भाग सुंदर होता, खोटं कशाला बोला. पाऊस काचेवर पडायचा तेव्हा तिचा हात खरोखर वायपर शोधायला जाई. रविवारी दीड वाजता तेरा जण हजर. औषधवाल्याला बोलायला शब्द नव्हते. पण दहाव्या दिवशी खेळणाऱ्यांच्या मंडळात त्यानेच लिहिलं, "डबकी जरा लवकर सुकतात, नाही? पुढच्या भागात नीट करतील." खाली नऊ जणांनी होकार दिला.

तो संदेश वाचून तिने संगणक बंद केला आणि पाववाल्याला फोन लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"कसा आहे नवा?" त्याने आधी तेच विचारलं. "पाऊस कसा दिसतो, सांगा ना."

ती सांगू लागली. काचेवरचे थेंब वेग वाढला की वर चढतात, पुढच्या गाडीमागे धुक्यासारखा पडदा उडतो. तो अधूनमधून "वा" म्हणत होता.

"माझं चुकलं, पाववाले. तुम्ही म्हणालात तेव्हाच करायला हवी होती."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मग म्हणाला, "जुना आहे का अजून तुमच्याकडे?"

"पुसला."

"परत घ्या. रविवारी बारा ते सहा मोकळ्या आहात?"

"पण तुम्ही कसे..."

"तुम्ही कशा शिकवता लोकांना? स्टिअरिंगला हात न लावताच ना?"

त्या रविवारी बारा वाजता तिने जुन्या भागातलं जंगल उघडलं. फोन टेबलावर, स्पीकर चालू, म्हणजे इंजिन त्यालाही ऐकू जाईल. बाकीच्या गाड्या संगणकाच्या. पहिल्या वळणालाच तो म्हणाला, "लवकर पाय काढलात. आणखी दोन श्वास थांबायचं." त्याला नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सगळं कळत होतं. पुलावर आवाज पोकळ होतो, चढावर घसा दाटतो, तिसऱ्या वळणाआधी भिंतीवरून आपलाच आवाज परत येतो. सहा वर्षं त्याच्या मागून जाऊनही यातलं काही तिच्या कानावर पडलं नव्हतं. पहिल्या तासात तिने त्याच्या खूप शिव्या खाल्ल्या, सभ्य पण शिव्याच.

दोन तासांनी टायर बदलायला पिटमध्ये थांबल्यावर पडद्यावर प्रश्न आला: चालक बदलायचा? तिने हो दाबलं. वर तिचं नाव जाऊन त्याचं आलं.

"आता तुम्ही चालवताय," ती म्हणाली.

"बघा म्हणजे," तो म्हणाला, "आता वेग वाढेल."

आईने टेबलाच्या रिकाम्या टोकाला तिचं ताट आणून ठेवलं, दोन घास भरवले, आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही जेवलात का हो?" तो म्हणाला, जेवलो, आणि काकूंना नमस्कार.

चौथ्या तासात त्याचं बोलणं विरळ झालं. मग थांबलं. मग फोनमधून एकसारखा, जड श्वास येऊ लागला. पहाटेपासून उठलेला माणूस. डोळे गेले तरी मळणं त्याने हातांच्या अंदाजाने चालू ठेवलं होतं. तिने हाक मारली नाही. श्वास ऐकू यावा म्हणून इंजिनाचा आवाज कमी केला. आणखी दोन श्वास थांबायचं, ती स्वतःशी म्हणे, आणि वळत राही. डावीकडे कोणी नव्हतं, उजवीकडे कोणी नव्हतं. पडद्यावर त्याचं नाव होतं. ती अधूनमधून नुसतं ते पाहत होती.

सहा वाजायला दहा मिनिटं असताना तो जागा झाला. "कितवे आहोत?"

"आठवे."

"एवढं झोपून आठवे? वाईट नाही," तो म्हणाला, आणि हसला. समोर कुठलीच गाडी डुलली नाही. तिने शेवटची फेरी डोळे पुसत, एका हाताने पुरी केली.

पुढे असे चारपाच रविवार झाले. मग त्याचा बोटांनी वाचायला शिकण्याचा वर्ग सुरू झाला, तोही नेमका रविवारी दुपारी. तिने त्याला आग्रह करून जायला लावलं. आता तो महिन्यातून एखादा फोन करतो, कुठलं अक्षर बोटाला दगा देतं ते सांगतो. मंडळात आता त्यापुढच्या भागाच्या वावड्या उठल्या आहेत. तिला कोणी विचारलं, तुला त्यात काय हवं, तर ती काही लिहीत नाही. तिला हवी असलेली गोष्ट कुठल्याही भागात येण्यासारखी नाही: एक साधी फेरी, शेजारी शेजारी, तो हसलेला आणि त्याची गाडी जराशी डुललेली. त्या फेऱ्या तेव्हा दर रविवारी चालल्या होत्या, आणि तिची नजर पुढच्या पावसाकडे लागलेली होती.

जुना भाग तिने पुन्हा पुसलेला नाही. रविवारी दीड वाजता ती अजून जंगलात जाते, आवाज मोठा ठेवते, आणि पुलावर तो पोकळ झाला की आतल्या खोलीतून आई विचारते, "आला का गं पूल?"