कुंकू सगळ्यात शेवटी

राजशेखर पेंटरनं आयुष्यभर सोलापुरातल्या गेलेल्या माणसांचे चेहरे रंगवले. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी हे पोटापाण्याचं काम. पण बाळीवेशीच्या पेठेत त्याला मान होता तो फोटोवरून काढलेल्या आजोबा-आजींमुळे. तिथल्या दुकानांत गल्ल्यावर हार घातलेली जी तैलचित्रं टांगलेली दिसतात, त्यातली बरीचशी त्याच्या हातची. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या, तरी हे काम टिकून राहिलं. आपल्या आजोबांना प्लॅस्टिकवर छापायला लोक अजून जरा बिचकतात, देव त्यांचं भलं करो.

त्याची बायको चंद्रव्वा यावरून त्याला चिडवायची. "साऱ्या गावाची मेलेली माणसं रंगवताय, घरातली जिवंत बाई कवा दिसायची तुमाला?"

"तुला काय घाई हाय?" तो म्हणायचा.

हे वाक्य पुढं त्याला फार छळणार होतं. घाई चंद्रव्वाला नव्हतीच, तिच्या दुखण्याला होती. आधी भाजीतलं मीठ विसरलं, मग घराची गल्ली, मग पोटच्या पोरीचं नाव. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. त्यातून तिची मराठीही निघून गेली. अक्कलकोटपलीकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन आली तेव्हा नुसती कन्नड बोलायची, मराठी इथं शेजारणींकडून शिकली. मागाहून आलेली भाषा आधी गेली. राजशेखर मराठी शाळेतला. कन्नड त्याला सगळं कळायचं, बोलताना मात्र जीभ अडखळायची.

तेव्हा कुठं त्यानं तिच्यासाठी कॅनव्हास ताणला. मनाशी एकच धरलं होतं: चित्र पुरं करायचं, तिच्यासमोर धरायचं, आणि तिनं एकदा, फक्त एकदा, 'ही मी' म्हणायचं. टेंभुर्णीला दिलेली लेक सिद्धेश्वरी रोज फोनवर विचारायची, "अप्पा, झालं का चित्र?"

"व्हतंय की," तो सांगायचा.

कसलं होतंय! पिकले केस, इरकलीचा काठ, नाकातली चमकी, डोळेसुद्धा, सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. ओठ तेवढे बसेनात. हसरे काढले तर स्टुडिओतल्या फोटोसारखे दिसत, मिटलेले काढले तर कुणाची तरी खाष्ट सासू समोर येई. पुन्हा सुरीनं खरवडायचं, पुन्हा रंग चढवायचा. धंद्यातल्या सगळ्या युक्त्या करून झाल्या. चित्र उलटं टांगून पाहिलं, आरशात पाहिलं, महिनाभर भिंतीकडं तोंड करून ठेवलं. फ्रेम करणारा दोस्त ईरप्पा म्हणाला, "फोटो दे, फ्लेक्सवाला दोन मिंटात काढून दील." त्याच्याशी राजशेखर कितीतरी दिवस बोलला नाही.

बाहेरच्या खोलीत ते चित्र बिनतोंडाचं उभं होतं, आणि घरात चंद्रव्वाचं बोलणं रोज कमी होत होतं. आपण तिला ओठ देत नाही म्हणून ती गप्प होतेय, असं त्याला वाटायला लागलं. असलं काही नसतं, हे त्याला कळत होतं. पण कळून उपयोग काय? सकाळी तिला अंघोळ घालून, वेणी घालून तो तिच्या कपाळाला कुंकू लावायचा, कारण तेही ती विसरली होती.

चंद्रव्वाचे हात मात्र काही विसरले नव्हते. एका दुपारी राजशेखरनं भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला आणि ती आपोआप उखळापाशी जाऊन बसली. तिखट, मीठ, लसूण घालून नेहमीच्या तालात चटणी कुटू लागली. मग चिमूटभर जिभेवर ठेवून तिनं मान वर केली. खालचा ओठ किंचित आत गेला, डावा कोपरा दुमडला. मीठ बरोबर आहे की नाही, याचा निकाल ती देत होती. साऱ्या संसारात त्यानं हे तोंड पाहिलं होतं आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. गावाच्या आजोबांच्या मिशा बघण्यात गेला जन्म!

तो उठला. ब्रशचे चार-दोन फटकारे, बस्स. मागं सरून पाहिलं तर चंद्रव्वा समोर होती, आता काहीतरी बोलणार अशी. राजशेखर भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

कुंकू राहिलं होतं. त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं, बाईच्या चित्राला कुंकू सगळ्यात शेवटी लावायचं आणि हात धुवायचे. त्यानंतर चित्राला ब्रश लावायचा नाही. त्यानं चांगलं ठसठशीत, तिला आवडायचं तेवढं मोठं कुंकू रेखलं, हात धुतले आणि तिला दंडाला धरून चित्रासमोर आणलं.

चंद्रव्वानं पाहिलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अव्वा," ती म्हणाली. "अव्वा बंदाळ!"

आई आली. चंद्रव्वाला आपली आई दिसत होती, रत्नम्मा; पिकल्या केसांची, तीच जिवणी.

"अगं, ही तू हायेस. चंद्रव्वा, बग की नीट, तू हायेस ही."

वेड्याकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं पाहिलं. "ना सण्णाकी," ती म्हणाली. मी लहान आहे. एवढी लहान मुलगी चित्रातली म्हातारी कशी असेल?

मग तिची नजर चित्रातल्या कपाळावर गेली आणि ती घाबरली. रत्नम्मा तरणीताठी असताना विधवा झाली होती. लहानग्या चंद्रव्वानं एकदा कुणाच्या तरी लग्नात खेळता खेळता आईच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि बायकांनी मांडवात आईला नको नको ते बोलून घेतलं. ही गोष्ट लग्नानंतर तिनं राजशेखरला रडत सांगितली होती. आता ती त्याच मांडवात उभी होती. पुसा, पुसा, बायका बघतील, असं कन्नडमध्ये विनवत ती चित्राकडं झेपावली आणि ओला लाल रंग तिच्या बोटांना लागला. तो बघून ती आणखीच ओरडायला लागली.

"थांब," राजशेखर म्हणाला. "मी पुसतो."

त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. बायकोच्या कपाळावरचं कुंकू नवऱ्यानं जिवंतपणी स्वतःच्या हातानं पुसायचं, ही वेळ त्यानं वैऱ्यावरही येऊ दिली नसती. हात पुढं जाईना. मागं चंद्रव्वा हुंदके देत होती. अखेर त्यानं पुसलं. लाल रंग भुवईपर्यंत फरकटला, तोही त्यानं हळूहळू निपटून काढला. मग पांढरा रंग घेऊन विभूतीचे तीन पट्टे ओढले, रत्नम्मा लावायची तसे.

चंद्रव्वा शांत झाली. उखळातली चटणी वाटीत काढून तिनं चित्रासमोर ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसली. कितीतरी महिन्यांनी ती घडाघडा बोलत होती. आईला काय काय सांगत होती. त्यात राजशेखरचं नाव कुठंच नव्हतं, तरी तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

संध्याकाळी सिद्धेश्वरीचा फोन आला. चित्र पुरं झालं म्हटल्यावर तिला राहवेना. "अप्पा, दाखवलं आईला? ओळखलं का तिनं?"

राजशेखरच्या हातात ती लाल चिंधी अजून तशीच होती.

"व्हय," तो म्हणाला. "बघितल्याबरोबर ओळखलं की."