बनुबाईची समुद्रावरची फुगडी

बनुबाईला विचाराल तर ती सांगेल की जहाज हललंच नाही. ते आपलं जागच्या जागी उभं होतं आणि मुंबईच हळूहळू मागं सरकत गेली. आधी धक्का गेला, मग त्या उंच उंच इमारती, मग त्यांच्यावरचं धुरकट ऊन. जन्मात पाहिलेल्या प्रत्येक पाण्याला पलीकडचा काठ होता. माहेरी पुणतांब्याला गोदावरी, सासरी कोल्हारला प्रवरा, आणि पलीकडं कुणाची तरी म्हैस पाण्यात बसलेली, कुणीतरी धुणं आपटत असलेलं. इथं पलीकडं काहीच नाही म्हटल्यावर तिला जरा गरगरल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

शेजारी तिचा नवरा आदिनाथ कठड्याला हात टेकून उभा होता. वय सदुसष्ट, अंगात नवाकोरा पांढरा शर्ट, खिशाला पेन. काय लिहायचं होतं समुद्रावर, त्यालाच ठाऊक. बनुबाईनं त्याचं कोपर धरून त्याला आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, "बघितलं का? पानीच पानी! काठच न्हाई वो!"

आदिनाथ म्हणाला, "हं."

आता हे "हं" नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. आदिनाथ साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होता. पस्तीस हंगाम त्यानं ऊस पिळणाऱ्या रोलरांच्या बगलेत काढले. तिथं माणूस माणसाच्या कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. बोट गरगर फिरवलं की चालू कर, मूठ वर केली की थांबव. निवृत्त झाला तेव्हा कारखान्यानं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि कान ठेवून घेतले. बरं, कान गेले तरी माणूस मजेत होता. पारावर बसायचा, कुणाची टिंगल करायचा, बायकोला हाका मारायचा. पण गेल्या तीन वर्षांत काय झालं कुणास ठाऊक, तो मिटत गेला. ओठांवरून त्याला बोलणं कळायचं, उत्तर मात्र एकच. चहा घेता का? हं. रुपाली यायचीय माहेरपणाला. हं. कानाचं मशीन आणलं, ते शिट्ट्या मारायचं, म्हणून डबीत गेलं. बनुबाई वैतागून लेकीला फोनवर म्हणायची, "कान गेलं, कबूल. पन तोंड कुठं गेलं गं ह्यांचं?"

तिला आपला नवरा परत हवा होता. एवढंच. चार शब्द बोलणारा, वेळेला भांडणारा. भरल्या घरात ती तीन वर्षं एकटीच बोलत होती, आणि एकटीनं बोलून बोलून बाई थकली होती.

अशात ज्येष्ठ नागरिक संघाच्या कानिफ गुरुजींनी या सहलीचा कागद आणला. दोन रात्री जहाजावर, मुंबईहून गोवा आणि परत. बनुबाईनं कागद लांब धरून वाचला. जेवण, गाणी, आणि खाली एक ओळ: सायंकाळी जोडप्यांसाठी नृत्य. ती ओळ तिनं परत परत वाचली. भाजी करपली, तरी वाचत होती.

कारण बनुबाई म्हणजे एके काळची पुणतांब्याची फुगडी. नागपंचमीला पोरी धापा टाकत बसायच्या आणि ही उभीच. लग्नानंतर गौरीपुढं जावांबरोबर दोन गिरक्या, बस्स. नवऱ्याबरोबर? छे! आपल्याकडं कोण नाचतं नवऱ्याबरोबर? गडी वरातीत नाचणार, बाया ओट्यावरून बघणार आणि मग घरी गेल्यावर नावं ठेवणार, ही रीतच. आता कागदच म्हणतोय जोडप्यांनी नाचा. मग नाचायचं काय? दोन माणसं, हातात हात, तोंडासमोर तोंड. बनुबाईनं सरळ हिशेब केला की असा नाच जगात एकच आहे. दुसरा कुठला असेल असं तिच्या मनातही आलं नाही, आणि विचारायचं कुणाला आणि का?

दोन महिने स्लॅबवर तालीम चालली. संध्याकाळी पाणी तापवायला ठेवायचं आणि वर जायचं. पहिल्या दिवशी तिनं त्याला पाय जुळवून उभं केलं, हातांची फुली करून धरली आणि एक बोट सोडवून गरगर फिरवलं. चालू कर. आदिनाथनं क्षणभर त्या बोटाकडं बघितलं आणि फसकन हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा! बनुबाईला तिथंच रडू आलं, पण रडायला वेळ कुठं होता, फुगडी सुरू झाली होती.

खाली उसाला तुरे आले होते. फिरता फिरता ते पांढरे तुरे, पाण्याची टाकी, देवीचं शिखर, नगर-मनमाड रस्त्यावरचे दिवे, सगळं एकमेकांत विरघळून जायचं. स्थिर असायचा तो फक्त समोरचा चेहरा. फुगडीची हीच गंमत आहे; सारं जग फिरतं आणि ज्याचे हात धरलेत तेवढा एकच माणूस जागेवर राहतो. बनुबाईला वाटायचं, हे थांबूच नये. असंच फिरत फिरत आपण वर उडून जावं, कारखान्याच्या धुराड्यावरून, नदीवरून, कुठंतरी लांब. खाली उतरलं की आदिनाथ पुन्हा गप्प. पण तिनं आस सोडली नाही. जहाजावर बोलेल, तिथं आपली दहा जोडपी सोडली तर वळखतं कोण!

आणि आता जहाज होतं, संध्याकाळचे सात वाजले होते, आणि हॉलमध्ये निळे-गुलाबी दिवे भिंतींवरून पाण्यासारखे वाहत होते. कोल्हारची अकरा जोडपी बश्या घेऊन भिंतीकडेला रांगेनं बसली, लग्नात मुलीकडची बसतात तशी. मधे शहरातली जोडपी नाचत होती. एकाचा हात कमरेला, दुसरीचा खांद्याला, पाय जेमतेम हलतायत.

"ह्याला डान्स म्हंत्यात व्हय?" बनुबाई पुटपुटली. "ही तर उभ्या उभ्या पेंगत्यात." म्हणाली खरी. पण आपलं चुकलं, हे तिला त्याच क्षणी कळलं.

आदिनाथला मात्र काही कळलं नव्हतं. त्याची तालीम पक्की होती. त्यानं चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या, मधोमध जाऊन उभा राहिला आणि हातांची फुली करून बायकोपुढं धरली. आता काय करते! पदर खोचून ती उठली.

पहिल्या दोन गिरक्या लाजत गेल्या. मग पायांनी लय धरली, दिवे वितळायला लागले, आणि बनुबाई सगळं विसरली. पेंगणारी जोडपी बाजूला झाली. कुणीतरी टाळी धरली. दोन जीव, मिळून एकशे एकतीस वर्षांचे, मागं रेलून गरगर फिरत होते आणि आदिनाथचा चेहरा असा उजळला होता की बस. त्या भरात त्यानं तोंड उघडलं आणि गरजला, "हान! आजून जोरात, बने!"

तो आवाज मिल हाऊसचा होता. रोलरांच्या वरचा. हॉल दणाणला, गाणं लावणारा दचकला आणि त्यानं गाणंच बंद केलं. एकदम शांतता. मग कुणीतरी खुदकन हसलं, दोन-चार मोबाईल वर झाले. बनुबाईचे कान लाल झाले, मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तिचे हात सुटले.

फुगडीत हात सोडायचा नसतो, हे पुणतांब्याची सहा वर्षांची पोरगीही सांगेल. आदिनाथ मागं भेलकांडत गेला आणि दाणकन फरशीवर बसला. कोपर खुर्चीवर आपटलं. कानिफ गुरुजी धावले, बाया "अगं बाई" करत उठल्या. लागलं नव्हतं फारसं. तो आपला आपण उठला, विजार झटकली, बनुबाईकडं एकवार बघितलं. रागानं बघता तर तिला परवडलं असतं, पण त्या नजरेत राग नव्हता. चपला उचलून तो बाहेर निघून गेला.

ती रात्र आपण सोडून देऊ. दोघांनी एकमेकांकडं पाठ करून काढली.

पहाटे जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. अनवाणीच ती जिना चढून वर गेली. वर सगळं धुक्यात होतं. समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही उमगत नव्हतं. साऱ्या जगावर कुणी साय धरली होती जणू. त्यात पांढरा शर्ट घातलेला तिचा नवरा अनवाणी उभा होता, डोळे मिटून. ती जवळ गेली. तिच्या पावलांनी लाकडी फळी हलली तसं त्याला कळलं असावं, कारण डोळे न उघडताच तो बोलायला लागला.

"खाली दोन इंजिनं हायती. तळपायाला कळतंय. आपल्या मिलीवानी दणका न्हाई, लई मऊ चाल हाय. तू पन बघ, पाय टेकव नीट."

बनुबाईनं पाय टेकवले. खरंच, खोलवर काहीतरी संथ घुमत होतं आणि पोटऱ्यांपर्यंत येत होतं. पण तिचं ध्यान तिकडं कुठलं! नवरा एका दमात एवढं बोलला होता. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला आणि ओठ नीट हलवत विचारलं, "एवढं बोलता येतंय, तर मग तीन वर्सं का बोलला न्हाई माझ्यासंगं?"

तो पाण्याकडं वळला. "रुपालीच्या पोरीच्या बारशाला," तो म्हणाला, "मी तुला हाळी दिली हुती, पेढं कुठं ठिवलं म्हनून. मला वाटलं, हळूच इचारलं. तर सगळी मानसं माझ्याकडं बघाय लागली. पाळन्यातली पोर रडाय लागली. तू आलीस आनि म्हनलीस, हळू बोला जरा, लोक हसत्यात. तुझं तोंड एवढंसं झालं हुतं, बने. आता माझा आवाज मलाच येत न्हाई, तर हळू कसं बोलायचं? किती हळू म्हंजे हळू? मंग म्हनलं, गप ऱ्हावं. आपल्यापायी तुझी मान खाली जायला नको."

बनुबाईला ते बारसं आठवलं. पाळणा, घुगऱ्या, रुपालीची हिरवी साडी, सगळं आठवलं. आपण असं म्हणालो होतो, हे मात्र काही केल्या आठवेना. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. तीन वर्षं तिनं कारखान्याला शिव्या घातल्या, डॉक्टरला घातल्या, देवीला नवस बोलली, आणि हा माणूस तिचं अर्धं वाक्य, जाता जाता टाकलेलं, उराशी धरून मुका बसला होता. आणि काल रात्री? काल तिनं पुन्हा तेच केलं, तेही भर फुगडीत. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही फुटेना.

धुकं विरळ होत होतं. चहाचे कप घेऊन माणसं एकेक करून वर यायला लागली. कालची पेंगणारी जोडपी, भिंतीकडेच्या कोल्हारच्या बाया, माकडटोपी घातलेले कानिफ गुरुजी. सगळ्यांनी या दोघांकडं बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं.

बनुबाईनं पदर खोचला. पाय जुळवून उभी राहिली, हातांची फुली करून पुढं धरली, छाती भरून वारा घेतला आणि जन्मात कधी ओरडली नव्हती एवढ्या मोठ्यानं ओरडली, "अवो! हात द्या!"

कानिफ गुरुजींच्या हातातला चहा सांडला. कप, माना, डोळे, सगळं तिच्याकडं वळलं.

आदिनाथनं तिचं उघडलेलं तोंड बघितलं, गळ्याच्या ताणलेल्या शिरा बघितल्या, वळलेल्या माना बघितल्या. तो घाबरला. बायकोच्या जवळ वाकून, त्याच्या मते अगदी कुजबुजत, त्यानं सारं जहाज हादरवलं, "बने, हळू बोल! लोक बघत्यात!"

"बघू द्या!" ती त्याच्याहून वर ओरडली. "लोकांस्नी डोळं कशाला दिल्यात?"

त्यानं हात दिले. तिनं ते असे आवळले की बांगड्या त्याच्या मनगटात रुतल्या. दोघं मागं रेलली आणि फिरायला लागली. धुकं, पाणी, कप, माकडटोपी, सगळं विरघळलं. समोर फक्त तो होता, आणि तो बोलत होता. काय काय बोलत होता! चहात साखर नाही म्हणाला, गुरुजी तोंड उघडं टाकून झोपतात म्हणाला, काल कोपराला लागलं पण लई न्हाई म्हणाला. हात दुखले, दम लागला, तरी तिनं पकड ढिली होऊ दिली नाही. फुगडी थांबली तरी तो थांबला नाही, आणि बनुबाई धापा टाकत, सगळ्या जहाजाला ऐकू जाईल अशा आवाजात, त्याच्या एकेका वाक्याला उत्तर देत राहिली.