कोळी अभ्यास मंडळाचा बारावा सभासद

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ज्ञानदेवांनी बत्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. मूळचे लातूरकडचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले कोळी मोजायला घेतले. कोळी दिसला की मोजमापाचा व्हर्नियर काढायचा आणि एकेका पायाची लांबी वहीत उतरवायची. कोळी पळून गेला तर तो त्यांना बेशिस्त वाटे. जळमटं काढण्याआधी पूनमताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, रीतसर विचारत, "या कोपऱ्याचं इन्स्पेक्शन झालंय ना?"

पुढे वाकडच्या, प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका भेटल्या, आणखी नऊ जण जमले आणि मंडळ निघालं. बाई अध्यक्ष झाल्या, ज्ञानदेव सचिव. 'अष्टपाद' या त्रैमासिकाचे संपादकही तेच. 'कोळी अभ्यास मंडळ' हे नाव त्यांनीच सुचवलं आणि मुखपृष्ठावर स्वतःचा मोबाईल नंबर छापला.

तेव्हापासून फोन सुरू झाले. "आपल्या समाजाचा वधू-वर मेळावा कधी आहे?"

"आमचे कोळी आठ पायांचे असतात हो," असं सांगून सांगून ज्ञानदेवांचा घसा बसायचा.

सोनबाचा फोन आला तो चाकणच्या कंपनीतून. तो तिथे फिटर होता, गाव अलिबागकडे. मागे प्रेस मशीन धडधडत होतं. त्याला एवढंच ऐकू आलं की रविवारी दहाला बागेतल्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि सगळ्यांना प्रवेश खुला आहे.

रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मुलीचा बायोडेटा फाईलमध्ये घेऊन पहिल्या रांगेत बसला. शेजारी खुद्द मुलगी, उत्कर्षा. तिने फळ्यावरचा विषय वाचला, तिला सगळं कळलं, आणि ती वडिलांना एक अक्षर बोलली नाही.

अध्यक्षबाई सांगू लागल्या, "काही जातींत मीलन झालं की मादी नराला खाऊन टाकते."

सोनबाने फाईल हळूच खुर्चीखाली सरकवली आणि ज्ञानदेवांच्या कानाशी लागला. "साहेब, मुलाकडच्यांना हे आधीच सांगायची पद्धत आहे का इथे?"

उत्कर्षाने तोंडात रुमाल कोंबला. ज्ञानदेव लाजेने लालबुंद झाले. त्यांनी सगळा खुलासा केला, माफी मागितली. आता हा माणूस चिडून जाणार असं त्यांना वाटलं.

"मग जाळी तरी दाखवा," सोनबा म्हणाला. "आमचे बाबा जाळीच विणतात."

व्याख्यानानंतर सगळे बाहेर मेंदीच्या कुंपणापाशी गेले. तिथे एक छान जाळं होतं, मधोमध कोळ्याची मादी बसलेली. सोनबा उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. "खालची बाजू मोठी ठेवलीय हिनं."

"छे! गोल असतं ते. पहिल्याच अंकात छापलंय आम्ही," ज्ञानदेव म्हणाले.

"मोजा की."

ज्ञानदेवांनी पट्टी लावली. मध्यापासून वर अकरा सेंटीमीटर, खाली सोळा. शेजारच्या जाळ्याचीही तीच तऱ्हा. त्यांचे कान तापले.

"बरोबर आहे त्यांचं," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. "कोळी चढण्यापेक्षा उतरताना जास्त जोरात धावतो. म्हणून खाली जास्त जागा."

"मग मला आजवर सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही पायांतून वर मान काढलीत कधी?"

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर ज्ञानदेवांनी स्वतःची चूक चौकटीत छापली. आत मंडळाचा बारावा सभासद झालेल्या सोनबाचा लेख होता, 'बाबांचं जाळं आणि कोळ्याचं जाळं'. त्याने सांगितला, उत्कर्षाने टाईप केला. ज्ञानदेवांची लाल पेन्सिल दोन दिवस त्या लेखावर घुटमळली आणि एक वेलांटी सुधारून गप्प बसली. उत्कर्षाचं लग्न तिच्या ऑफिसातल्या मुलाशी ठरलं. त्यात मंडळाचा काडीचा हात नव्हता.

दिवाळीत सोनबाने ज्ञानदेव-पूनमताईंना गावी नेलं. त्याच्या ऐंशी वर्षांच्या वडिलांनी ज्ञानदेवांच्या हातात जाळं विणायची सुई दिली आणि गाठ कशी मारायची ते तीनदा दाखवलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ज्ञानदेवांची जाळ्याची चार घरं विणून झाली. पूनमताई तोवर पोटभर मासळी खाऊन, समुद्राच्या वाऱ्यावर गाढ झोपल्या होत्या.