कागदी पाहुण्याला मान, सायलीला दार

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

आज आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, अंगणात मुलांनी पुठ्ठ्याचे छोटे सुक्का केले. सुक्का म्हणजे आमच्या सणातला फांद्यांचा मांडव. त्यात आठवडाभर जेवायचं आणि पाहुण्यांना बोलवायचं. पहिला मान आमच्या मूळपुरुषाचा, अब्राहामचा, म्हणून मुलांनी त्याची कागदी बाहुली आत बसवली होती.

माझी नात रिव्का शाळेतल्या मैत्रिणीला, सायलीला, घेऊन आली. दोघी फांद्या चिकटवत होत्या. तेवढ्यात आयटीतली एक आई म्हणाली, "आंटी, हे आपल्या मुलांसाठी आहे ना? बाहेरची कशाला?"

"अहो, आज पाहुणचारच शिकवतोय ना आपण?"

"ते व्हॅल्यूज वगैरे ठीक आहे, पण फोटो ग्रुपवर जाणार आहेत."

सायलीने फ्रॉकला हात पुसले, चपला घातल्या आणि गेली. बाकीच्या आया मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

मी लहानपणी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या गोठ्यावर तारा लावायला सिस्टर मला उचलून घ्यायच्या. तू कोणाची, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मी ती कागदी बाहुली उचलली आणि त्या बाईंच्या हातात ठेवली. "यालाही घालवा. हाही आपला देश सोडून बाहेरूनच आला होता."

त्यांना राग आला. येऊ दे. त्या माफी मागेपर्यंत मी इथल्या मुलांचा रविवारचा वर्ग घेणार नाही.

उद्या रिव्काला घेऊन धायरीला सायलीकडे जाणार आहे. तिच्या आईसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू, सांगाल का कोणी?