विमानतळावरची पाखरं आणि आमचे भाऊजी

पूर्ण गोंदिया जिल्ह्यात सतत आभाळाकडे पाहत चालणारा आणि तरीही आजवर एकदाही नालीत न पडलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे. आमच्या भाऊजींशी बोलायचं म्हणजे त्यांच्या हनुवटीशी बोलायचं. तुम्ही त्यांना तुमचं दुखणं सांगा, बदलीची कटकट सांगा, ते "हो ना, हो ना" करत वर बघत राहतात आणि मध्येच म्हणतात, "तीन हायेत. वाऱ्यावर चालल्या." तीन कोण, तर घारी. नवीन माणसाला वाटतं याला मानेचा काहीतरी त्रास आहे. आमच्या एका मावशीनं तर त्यांना मान चोळायला तेल आणून दिलं होतं. भाऊजींनी ते मोटरसायकलच्या चेनला लावलं.

विमानतळावरची पाखरं हाकलणं ही त्यांची नोकरी. त्यांचं गाव कामठ्याच्या पलीकडे, आणि धानाच्या बांधीवर, म्हणजे भातशेतात, राखणीला बसून पाखरं उडवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. गोफणीचा नुसता आवाज काढून ते पोपटांचा अख्खा थवा शेजाऱ्याच्या बांधीत पाठवत. शेजाऱ्याशी त्यांचं त्यामुळेच जमत नसे. ही कीर्ती कुण्या ठेकेदाराच्या कानावर गेली आणि त्यानं त्यांना एक शिट्टी, एक वॉकीटॉकी आणि सुतळी बॉम्बची पेटी देऊन धावपट्टीवर उभं केलं. पूर्वी इथून एखादं विमान उडालं तर पोरं शाळा सोडून बघायला पळत. आता शिकाऊ मुलामुलींची छोटी विमानं सकाळपासून घिरट्या घालतात, माणसं नेणारं मोठं विमानही येतं. आणि विमानांच्या जोडीनं पाखरंही वाढली, कारण कोंबडीची दुकानं वाढली, धाबे वाढले, लग्नाचे लॉन वाढले, आणि उरलंसुरलं टाकायची आमची पद्धत मात्र तीच राहिली. मुठीएवढं पाखरू धावत्या विमानाच्या पंख्यात गेलं तर काय होतं, हे भाऊजी पाहुण्यांना नेमकं जेवताना समजावून सांगतात. पाहुणे दुसरी पोळी घेत नाहीत.

मी कुडव्याला राहते आणि शाळेत शिकवते, म्हणून ते मला मास्तरीन म्हणतात. घरी आले की आधी माझ्या अंगणातलं गवत वीत लावून मोजतात. "मास्तरीन, हे बोटभर काऊन ठेवलं? बोटभर गवतात किडे दिसतात, बगळा उतरते. कमरेएवढं वाढलं तर उंदीर होतात, मंग घार येते. वीतभर पाहिजे." मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या अंगणात कुठलं विमान उतरणार आहे?" तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "भरोसा नाही." एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी त्यांच्यासोबत गेले आणि तोंड लपवायला जागा पुरेना. कोंबडीवाला आतडी उघड्यावर फेकत होता. भाऊजी पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर उभे राहिले. "हे तू आतडं फेकून राहिला, त्याच्यावर घार येईन, घार विमानात जाईन, आन् विमानात कोनाची तरी पोरगी बसली हाय!" तो बिचारा म्हणाला, "चाचा, एअरपोर्ट यहाँ से कितना दूर है!" भाऊजी म्हणाले, "घारले का एसटीचं तिकीट काढा लागते?" बाजार हसला. पण कोंबडीवाल्यानं त्यांच्या देखत खड्डा खणला, आणि भाऊजी खणून होईस्तोवर हलले नाहीत. आमची भाजी तोवर संपून गेली होती. लग्नातही तेच. वरात दारात आली तरी हे मांडवामागे आचाऱ्याला विचारत असतात की उष्टं कुठं जाणार. आणि दिवाळीत पोरं फटाके आणतात तेव्हा हे घरात बसतात. म्हणतात, "सुट्टीच्या दिवशी कोन ड्युटी करते?"

त्यांचं खरं वैर मात्र कावळ्यांशी. बगळा फटाक्याला भितो, घार कंटाळून निघून जाते, पण कावळा तोंड लक्षात ठेवतो. भाऊजींची मोटरसायकल दिसली की कावळे निवांत उठून धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. भाऊजी तिकडे पोचले की इकडे. दिवसभर हा खो-खो. शेवटी भाऊजींनी डोकं चालवलं आणि एका सकाळी ताईचा फुलाफुलांचा गाऊन अंगात घालून, डोक्यावर ओढणी घेऊन ड्युटीवर गेले. कावळे फसले, अगदी जवळ येऊ दिलं त्यांनी, आणि भाऊजींनी बॉम्ब लावून त्यांची अशी दाणादाण उडवली की दोन दिवस एक कावळा फिरकला नाही. पण नेमकी त्याच वेळी तपासणीसाठी मोठ्या साहेबांची गाडी आलेली. वॉकीटॉकीवर आवाज आला, "रनवे पे ये लेडीज़ कौन है?" भाऊजींनी उत्तर दिलं, "साहब, मैं ही हूँ." पुढे काय बोलणं झालं ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी गाऊनही ओळखला. मग ताई तोच गाऊन घालून अंगणात आली की छपरावर पंधरा कावळे जमून तिला शिव्या घालू लागले. शेवटी गाऊनची पायपुसणी झाली. ताई अजून त्या गाऊनसाठी हळहळते.

एवढं सगळं मी हसत सांगते, पण एक गोष्ट हसत सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका हिवाळी सकाळी एक शिकाऊ मुलगी एकटी विमान उतरवत होती आणि घार आडवी आली. समोरची काच तडकली. मुलीनं तशातही विमान नीट टेकवलं. भाऊजी पोचले तेव्हा ती खाली उतरून विमानाला टेकून उभी होती आणि म्हणत होती, "अंकल, वो सामने से आ गई, मैं कुछ नहीं कर पाई." स्वतः वाचली याचं तिला भानच नव्हतं, घारीसाठी रडत होती. भाऊजींनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि मग नियमाप्रमाणे घारीचं जे काही उरलं होतं ते पिशवीत गोळा केलं. त्या संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तरीन, दोघीबी आपापल्या कामानं चालल्या होत्या. चूक माझी. मी पन्नास पावलं दूर होतो." तेव्हापासून शेवटचं विमान जमिनीला टेकल्याशिवाय ते जेवत नाहीत. डबा तसाच परत येतो. ताई ओरडते, चिडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा भरून देते.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांची आई गेली. नव्वदीची म्हातारी, पण भाऊजी लहान पोरासारखे रडले. पित्तरपाटा, म्हणजे पितृपक्ष, जवळ आला तसं त्यांनी घरात जाहीर केलं, "मायचा पहिला घास हाय. कावळा घेईन तवा मी समोर बसून पाहीन." यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अडचण वेगळीच होती. त्यांचं गाव नेमकं त्या जागी आहे जिथून विमानं उतरायला खाली येतात. सर्वपित्री अमावस्येला घरोघरी छपरावर पानं ठेवली की गावावर कावळ्याघारींचं मोहोळ उठतं. एरवी पावसामुळे उडणं बंद असे. पण गेल्या वर्षी आभाळ स्वच्छ, आणि त्या दिवशी दुपारी शिकाऊ पोरं उडणार होती.

आठ दिवस भाऊजी घरोघरी फिरले. म्हणणं एकच: छपरावर पान ठेवू नका, सगळ्यांची पानं मी गावापलीकडच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊन मांडतो, तिकडे विमान जात नाही. गाव खवळलं. एक जण म्हणाला, "आमचा बुढा तलावावर कायले जाईन? त्याले घर मालूम हाय." भाऊजी म्हणाले, "जित्ता होता तवा दिवसभर तलावावरच बसून राहे. तुमी घरी कुठं बसू देत होते?" हळूहळू एकेक घर कबूल झालं. घराशेजारचं कुटुंब बौद्ध, त्यांच्याकडे पित्तर नाही, पण ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांचीच आली. "आमच्यात हे नाही भाऊ," शेजारी म्हणाला, "पण वर पोरं हायेत ना, घेऊन जा."

प्रत्येक पानावर ज्याच्या त्याच्या पित्तराच्या नावाची चिठ्ठी लावायचं काम मास्तरीण म्हणून माझ्याकडे आलं. मी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि पाळीच्या चढावर ट्रॉलीनं असा हिसका दिला की निम्म्या चिठ्ठ्या उडून तलावात गेल्या. मग पाळीवर जी भांडणं झाली, देवा! मोठ्या वड्यांच्या पानावर चार घरांनी हक्क सांगितला आणि करपलेल्या वड्यांचं पान कुणाचंच निघेना. ते शेवटी मी माझ्या आजोबांच्या नावानं मांडलं. भाऊजींच्या आईचं पान सगळ्यांत शेवटी होतं. त्यावरची चिठ्ठी शाबूत होती, कारण ते पान भाऊजींनी मांडीवर घेऊन आणलं होतं.

कावळे आले. मोहाच्या झाडावर बसले, खाली पाहिलं, आणि जो कालवा केला! एकही खाली उतरेना. अख्खं गाव हात जोडून उभं, आणि कावळे एकाच माणसाकडे तोंड करून ओरडत होते. गावाच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. "अरे बावा, तू तिकडं सरक ना! तुझ्यापायी आमचे पित्तर उपाशी राहतीन!" भाऊजी ओशाळून पार टोकाला, आईच्या पानापाशी जाऊन बसले. तेव्हा कावळे उतरले. दुसऱ्या टोकापासून एकेक पान चाखत आले, माझ्या आजोबांचे करपलेले वडेसुद्धा संपवले, आणि भाऊजींच्या आईच्या पानापाशी येऊन थबकले. मागे सरले. पुन्हा झाडावर जाऊन बसले.

लोक पांगले. आम्ही तिघं उरलो. भाऊजींनी माझी ओढणी डोक्यावर घेतली, पाठ केली, आडवे झाले; एकही कावळा फसला नाही. मी आधी हसले, खोटं कशाला बोलू. मग ते हात जोडून झाडाकडे बघत म्हणाले, "आजच्या दिवस भांडण सोडा ना बावा. माझ्या मायनं तुमचं काय केलं? तिनं तर रोज तुमाले पोळी टाकली." त्यानंतर मला हसू आलं नाही. ताई तोंड फिरवून उभी होती.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. "दादा, टेकऑफ है. जल्दी आ जाओ." भाऊजी पानाकडे बघत बसले. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा म्हणावं, भाऊजी. एक दिवस थांबतील." ते उठले, पँटची माती झटकली. "वर कोनाची तरी पोरगी जाऊन राहिली, मास्तरीन. पाच मिनिटात काय होते ते मी पाह्यलं हाय. तू बस अथी. तू पाह्य." आणि मोटरसायकलला लाथ मारून निघाले.

त्यांची गाडी पाळ उतरून वळणाआड गेली, आवाज विरला, आणि एक कावळा खाली आला. इकडे तिकडे पाहिलं, दोन उड्या मारल्या आणि वडा उचलला. मग बाकीचे आले. ताई मोठ्यानं रडायला लागली. मी फोन लावला, पण ड्युटीवर त्यांचा फोन बंद असतो.

संध्याकाळी शेवटचं विमान उतरल्यावर भाऊजी घरी आले. पाय धुतले, ओट्यावर बसले. विचारायची हिंमत होत नव्हती त्यांना. मीच म्हटलं, "आला होता, भाऊजी. तुम्ही वळलात आणि लगेच आला. सगळं खाल्लं."

"बराबर," ते म्हणाले. सवयीनं वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग पुढच्या सालीबी मी नाही येत. मायले पोटभर जेवू दे."

यंदाच्या अमावस्येलाही ते ड्युटीवरच गेले. त्यांच्या आईचं पान मीच पाळीवर मांडलं, आणि कावळ्यानं लगेच घेतलं.